जाळीतलं भोक

लग्नकार्य जवळ आलं की आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरात मांड्यांची तयारी सुरू व्हायची, आणि मांडे म्हटलं की पिठीसाखर वस्त्रगाळच पाहिजे, त्यात आजी कुणाचं ऐकायची नाही. घरात बारीक चाळण होती, ती बाजूला ठेवून जुन्या मऊ धोतराचा तुकडा पातेल्याच्या तोंडावर ताणून बांधायची आणि बोटांनी साखर त्यावर फिरवत बसायची, अर्धा अर्धा तास. चाळण आहे की गं, असं म्हटलं की उत्तर ठरलेलं, "चाळणीतनं कणी जातीय. एक कणी राहिली तर मांडा हातावरच फाटतोय."

ती कणी केवढी हे आजीला मोजता येत नव्हतं, पण कुठल्या कापडातनं ती जाणार नाही हे पक्कं ठाऊक होतं. मी गेली १४ वर्षं उद्यमबागेत फिल्टरच्या जाळीच्या कामात आहे, स्ट्रेनरची बास्केट म्हणजे कचरा अडवणारी जाळीची टोपली, फिल्टर एलिमेंट म्हणजे फिल्टरच्या आतला गाळणारा भाग, असलं सगळं, आणि आमच्या गिऱ्हाइकाचं बरोबर उलटं असतंय. फोन येतो, "स्टेनलेसची, एसएसची जाळी पाहिजे, बारीक." किती बारीक? "बारीक ओ, चहाच्या गाळणीसारखी." गोकाक-रायबागकडचा फोन असेल तर "जरडी बेकू", कन्नडमध्ये चाळणीला जरडी म्हणतात, आणि पुढं परत तेच, बारीक. कणी केवढी अडवायचीय असं विचारलं की लाईनवर शांतता. माणसं तारेची चौकशी करतात, किलोचा भाव विचारतात, चमक बघतात, आणि ज्या भोकासाठी एवढा खर्च चाललाय त्याच्याबद्दल एक शब्द नाही. त्या भोकाबद्दल जरा सविस्तर लिहितो.

कामाला लागलो त्या आठवड्यात मी जाळीचा एक तुकडा घरी नेला होता. अप्पांचा साडीचा माग होता, शहापूर-वडगाव-खासबाग भागात तेव्हा गल्लीगल्लीत खटखट ऐकू यायची. अप्पांनी तुकडा अंगठ्यानं घासला, उजेडाकडं धरला आणि म्हणाले, "ही साडीच की रे. सुताच्या जागी तार घातलीय एवढंच." आणि खरंच तसंच आहे. उभ्या तारांचा ताणा, आडव्या तारेचा बाणा, मध्ये फणी, फणीनं बाणा ठोकून घट्ट करायचा. साधी वीण म्हणजे एक तार वर एक तार खाली. दुसरी ट्विल, दोन वर दोन खाली, जीन्सच्या कापडावर तिरक्या रेघा दिसतात ना, तशाच हिच्यावर येतात. भोक लहान आणि तार त्या मानानं जाड असेल तर साध्या विणीत तारेला एवढ्या कमी जागेत वळता येत नाही, मग ट्विल घ्यायची. सुतात आणि तारेत फरक एकच, तार एकदा वाकली की वाकलेलीच राहते, त्यामुळं प्रत्येक तार शेजारणीच्या खाचेत बसते आणि भोकं जागची हलत नाहीत. धोतर धुऊन धुऊन त्याचं सूत जागचं हलतं, चांगल्या विणलेल्या जाळीचं तसं होत नाही. खडीक्रशरवर असते त्या जाळीची तार तर इतकी जाड की मागावर वाकणारच नाही, ती आधी मशिनवर नागमोडी करून घेतात आणि मग एकमेकांत बसवतात.

आता मेश. हा शब्द सगळेजण वापरतात आणि निम्म्यांना त्याचा अर्थ माहीत नसतो. एका इंचात किती भोकं बसतात तो आकडा म्हणजे मेश, बस. आमच्या टेबलावर घडीचं भिंग असतंय, कापड दुकानात सुताचा काउंट बघायला वापरतात तसलं, खाली बरोबर एक इंचाची चौकट. जाळीवर ठेवायचं, डोळा लावायचा आणि सुईच्या टोकानं एकेक तार ओलांडत मोजत जायचं, मध्ये कुणी "चहा घेणार काय" म्हणून विचारलं की परत पहिल्यापासून. ४० भोकं भरली तर ४० मेश. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याला ४० नं भागलं की ०.६३५ मिलिमीटर, म्हणजे एका तारेच्या मध्यापासून दुसऱ्या तारेच्या मध्यापर्यंत ६३५ मायक्रॉन. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन, डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरा.

पण ६३५ हे भोक नव्हे बरं का, त्यात तार पण आली. तार वजा केली की भोक मिळतं. इथंच मी आपटलोय. एका मशिनशॉपमध्ये पार्ट धुवायच्या मशिनला आम्ही ४० मेशची बास्केट देत होतो, तार ०.२५ मिलिमीटरची. एकदा घाईत फोनवर नुसतं "४० मेश पाठवा" म्हणालो आणि रोल आला तो ०.१६ च्या तारेचा. मी भिंग लावलं, ४० मोजले, ओके म्हणून बास्केट करून दिली. हिशोब बघा, ६३५ मधनं २५० गेले तर भोक ३८५ मायक्रॉन, आणि ६३५ मधनं १६० गेले तर ४७५. दोन्हींचं नाव ४० मेशच. तिकडं नोझल तुंबायला लागले, वर बारीक तारेमुळं दोन महिन्यांत तळाशी जाळी फाटली, आणि तो माणूस बास्केट माझ्या टेबलावर आदळून गेला. पुरवठादाराची काही चूक नव्हती, मी मागितलं ते त्यानं दिलं. तेव्हापासून ऑर्डरवर मेश, तारेची जाडी आणि भोक तिन्ही लिहितो आणि आलेल्या रोलची तार मायक्रोमीटरनं बघतो.

मात्र बारीक तार नेहमी वाईटच असंही नाही. ०.२५ च्या तारेत जाळीच्या क्षेत्रफळातला फक्त ३७ टक्के भाग उघडा राहतो, ०.१६ च्या तारेत ५६ टक्के. म्हणजे पाणी सरळ जातं, पंपाला ताण कमी. तार जाड केली की ताकद आली आणि वाट अरुंद झाली, तार बारीक केली की वाट मोकळी आणि जाळी नाजूक. ही ओढाताण कुठल्याच जाळीत सुटत नाही, कुठं किती द्यायचं एवढंच आपल्या हातात. २०० मेशला तार ५३ मायक्रॉनची, भोक ७४ मायक्रॉनचं, उघडा भाग एक तृतीयांश. असली जाळी एकटी उभी राहूच शकत नाही म्हणून तिच्यामागं छिद्रांचा पत्रा देतात, आणि इथं नवीन माणूस हमखास फसतो. पत्रा समजा ४० टक्के उघडा, त्यावर ही जाळी चापून बसवली तर पत्र्याच्या भोकांसमोर आलेल्या जाळीतनंच काय ते पाणी जाणार, म्हणजे ४० टक्क्यांतले ३४ टक्के, हातात १४ टक्केसुद्धा नाहीत. म्हणून दोघांच्या मध्ये एक जाड, विरळ जाळी घालायची, पाण्याला आडवं सरकायला जागा मिळते. शिवाय बास्केटचा एकूण उघडा भाग पाईपच्या तोंडाच्या निदान तीन-चार पट तरी धरायचा, कारण ती रिकामी कधीच राहणार नाही, कचरा अडवायलाच बसवलीय.

ठिबकवाल्या शेतकऱ्यांना हे लवकर कळतं. उसाला ठिबक केलंय, ड्रिपरची वाट मिलिमीटरभर असते, मग फिल्टर १२० मेशचा, म्हणजे १३० मायक्रॉनच्या आसपास, एवढा बारीक कशाला? एक मिलिमीटरच्या वाटेतनं अर्ध्या मिलिमीटरचा कण जाईल की. एक जाईल, पण तीन-चार एकदम आले की एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून कमान करतात आणि वाट बंद. गणपती विसर्जनाच्या रात्री गल्लीच्या तोंडाला काय होतं आठवा, एकेक माणूस आरामात जातो, सगळे एकदम आले की कुणीच जात नाही. म्हणून वाटेच्या साधारण दहाव्या भागाएवढं गाळायचं असा ठोकताळा आहे.

हायड्रॉलिक्समध्ये, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मशिनांत, मामला आणखी बारीक. आपल्या बेळगावात हायड्रॉलिक पंप-व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांची काही कमी नाही, त्यामुळं हे काम आमच्याकडं भरपूर. तेलाच्या टाकीत पंपाच्या तोंडाशी जो स्ट्रेनर असतो तो बहुतेक १०० मेशचा, १४९ मायक्रॉन असं कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असतंय. तो फक्त नट, वॉशर, चिंधी, बर म्हणजे धातू कापताना निघालेली कीस, असलं ढोबळ अडवायला. व्हॉल्व्हच्या आतला स्पूल, म्हणजे सरकणारा दांडा, आणि बॉडी यांच्यात फट काही मायक्रॉनची, सर्वो व्हॉल्व्हमध्ये तर १ ते ४ मायक्रॉन, आणि नुसत्या डोळ्याला ४० मायक्रॉनच्या खालचं दिसतच नाही. म्हणजे जो कचरा मशिन खातो तो आपल्याला दिसत नाही, आणि जो दिसतो तो स्ट्रेनर केव्हाच अडवून बसलेला असतो. तेल बाटलीत धरून उजेडाकडं बघून "स्वच्छ आहे ओ" म्हणणारे मेकॅनिक मी रोज बघतो.

मग चौकोनी भोकाची जाळी बारीक बारीक करत दहा मायक्रॉनपर्यंत का नेत नाहीत? तार केसापेक्षाही कितीतरी बारीक ओढावी लागते, ती विणताना तुटते, आणि विणलीच तर प्रेशर लागल्यावर टिकत नाही. यावर तोडगा म्हणजे डच वीण. ताणा जाड आणि विरळ ठेवायचा, बाणा बारीक घ्यायचा आणि फणीनं इतका ठोकायचा की बाण्याच्या तारा एकमेकींना चिकटून बसतात. उजेडाकडं धरली तर आरपार काही दिसत नाही, अप्पांनी बघून विचारलं होतं, "ह्यात भोक कुठाय?" भोक आहे, पण सरळ नाही. तारांच्या कुशीतनं तिरकी, वळणाची, तिकोनी वाट आहे आणि त्या वाटेतली सगळ्यात अरुंद जागा हेच तिचं माप. २०० बाय १४०० अशा आकड्याची जाळी येते, म्हणजे इंचात २०० उभ्या आणि १४०० आडव्या तारा, ती १०-१२ मायक्रॉनपर्यंत अडवते आणि जाड ताण्यामुळं प्रेशरलाही उभी राहते. याच्या उलटी पण असते, ताणा बारीक आणि दाट, बाणा जाड, तिला रिव्हर्स डच म्हणतात. वितळलेलं प्लॅस्टिक दाबून बाहेर काढणाऱ्या एक्सट्रूडरमध्ये जाळीचा पट्टा सतत पुढं ओढला जातो तिथं ती लागते, कारण ओढ सगळी ताण्यावर येते आणि ताण्यात तारा जास्त.

वाट वाकडी असली की एक प्रश्न येतो, हिला किती मायक्रॉनची म्हणायची? इथं बाजारात भरपूर शब्दांचा खेळ चालतो. नॉमिनल १० मायक्रॉन म्हणजे दहाचे बरेचसे कण अडतील, बरेचसे म्हणजे किती ते विकणाऱ्याच्या मनावर. ॲब्सोल्युट म्हणजे त्या मापावरचा गोल मणी पलीकडं जाणार नाही, काचेचे बारीक मणी सोडून हे तपासतात, पलीकडं सापडलेला सगळ्यात मोठा मणी म्हणजे जाळीचं खरं माप. तेलाच्या फिल्टरवाल्यांनी याहून सरळ हिशोब काढलाय, बीटा. एका मापाचे कण फिल्टरच्या आधी किती आणि नंतर किती याचा भागाकार. दोनाला एक म्हणजे बीटा २, निम्मे गेले. बीटा ७५ म्हणजे ९८.७ टक्के अडले, बीटा २०० म्हणजे ९९.५, बीटा १००० म्हणजे ९९.९. म्हणून "१० मायक्रॉनचा फिल्टर" म्हणणाऱ्याला बीटा किती ते विचारा, चेहरा बघण्यासारखा होतो. आणि ॲब्सोल्युट असला तरी मणी गोल असतो हे विसरू नका. लेथवरचा सुईसारखा बर उभा राहून निघून जातो.

एकावर एक थर घातले की काय होतं त्याचं एक उदाहरण मला फार आवडतं, आणि ते कापडाचं आहे. रिटा कोलवेल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांना सांगितलं की पिण्याचं पाणी जुन्या साडीच्या चार तरी घड्या करून त्यातनं गाळा. कॉलऱ्याचा जंतू एवढा लहान की साडीत अडणं शक्यच नाही, पण तो पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून राहतो आणि ते जीव अडतात, कारण वापरून मऊ झालेल्या साडीच्या घड्यांतली वाट २० मायक्रॉनच्या आसपास येते. २००३ मध्ये निकाल छापून आला, जिथं साडीनं गाळलं तिथं कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी. जुनी साडी नवीपेक्षा चांगली, सूत फुगून भोकं लहान झालेली असतात म्हणून. आजीनं पण कोरं धोतर कधी घेतलं नाही.

धातूच्या जाळीत हेच घड्यांचं काम सिंटरिंग करतं. साधारण पाच थर घेतात, वर एक राखणीची जाळी, मग खरी गाळणारी बारीक, मग पाणी पसरवायला एक, मग खाली दोन जाड आधाराच्या. नुसते एकावर एक ठेवले तर प्रेशर आलं की सरकतात, घासतात, बारीक तार तुटते. म्हणून सगळं दाबून व्हॅक्यूम किंवा हायड्रोजनच्या भट्टीत घालतात आणि वितळायच्या खालीच, हजाराच्या वर काहीशे अंशाला धरून ठेवतात. स्टील वितळतं १४०० च्या आसपास, त्यामुळं तार तारच राहते पण जिथं तार तारेला टेकलीय तिथं दोन्हीकडचे अणू सरकून सांधा तयार होतो, डब्यातले पेढे न वितळता एकमेकांना चिकटतात तसं. बाहेर येतो तो कडक पत्रा, दीड-पावणेदोन मिलिमीटर जाड, कापा, वाकवा, वेल्ड करा, उलट्या बाजूनं पाणी मारून धुवा, भोक हलत नाही. महाग आहे. पण वारंवार उलटं धुवायचं असेल तर साधी जाळी बदलत बसण्यापेक्षा परवडते, हे माझं मत, गिऱ्हाइकाला पटायला दोन वर्षं लागतात.

आता धातूकडं येऊ, कारण सगळ्यात जास्त भांडणं यावरनंच होतात. एसएस म्हणजे ज्यात क्रोमियम निदान साडेदहा टक्के आहे ते स्टील, हवेतल्या ऑक्सिजनबरोबर क्रोमियमचा एक पापुद्रा वर तयार होतो, काही नॅनोमीटरचा, आणि ओरखडा पडला तरी तो आपोआप परत धरतो. १९१३ मध्ये शेफिल्डच्या हॅरी ब्रेअरलीच्या, बंदुकीच्या नळीसाठी स्टील शोधता शोधता, हे प्रकरण हाताला लागलं. ३०४ मध्ये क्रोमियम १८ आणि निकेल ८ टक्के धरा, ३१६ मध्ये निकेल थोडं जास्त आणि वर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. हा दोन टक्क्यांचा मसाला कशाला तर मिठासाठी. क्लोराईड, म्हणजे मीठ, ब्लीचिंग, खारं पाणी, त्या पापुद्र्याला जागोजागी टोचून भोकं पाडतं आणि मॉलिब्डेनम त्याला बराच अटकाव करतं. समुद्राच्या पाण्याला मोनेल, म्हणजे निकेल-तांब्याचा मिश्रधातू, किंवा टायटॅनियमपर्यंत जावं लागतं, आपल्याकडं घाटाच्या वर तेवढी वेळ क्वचित येते.

एका डिपार्टमेंटमध्ये स्ट्रेनर घाण झाला म्हणून ऑपरेटरनं बाथरूम धुवायच्या ॲसिडात तो रात्रभर बुडवून ठेवला होता. ते हायड्रोक्लोरिक, म्हणजे क्लोराईडच. सकाळी फ्रेम छान चकचकीत आणि जाळीच्या जागी चिंध्या. फ्रेमपण ३०४ आणि जाळीपण ३०४, मग जाळीच का गेली, असं तो मलाच विचारत होता, मटेरियल खोटं दिलं म्हणून. अहो, तीन मिलिमीटरच्या पत्र्याला पन्नास मायक्रॉनचा खड्डा पडला तर कळणारही नाही, पण तारच पन्नास मायक्रॉनची आहे, तिथं खड्डा पडला म्हणजे तार संपली. जाळीला गंज सोसायला अंगात मांसच नसतं. म्हणून टाकी ३०४ ची चालते तिथंही जाळी ३१६ ची घ्यावी असं मी सांगतो. आणि धुवायला सायट्रिक किंवा कॉस्टिक, हायड्रोक्लोरिक कधीच नाही.

दुसरं भांडण लोहचुंबकाचं. गिऱ्हाईक खिशातनं चुंबक काढतं, जाळीला लावतं, थोडी ओढ लागली की "हे एसएस नव्हे ओ". ३०४ चा पत्रा चुंबकाला चिकटत नाही हे बरोबर, पण तीच वस्तू डायमधनं ओढत ओढत तार केली की ओढाताणीनं आतली रचना थोडी बदलते आणि ती चुंबकाला थोडं धरायला लागते. वस्तू तीच, टक्केवारी तीच. ३१६ मध्ये हे कमी होतं. ३०४ आणि ३१६ वेगळं ओळखायला मॉली टेस्टचं थेंबाचं किट मिळतं, नाहीतर पीएमआय गन, म्हणजे धातूतले घटक ओळखणारं यंत्र, लावून टक्केवारीच काढायची. चुंबक परत खिशात ठेवा.

साखर कारखान्याची गोष्ट केल्याशिवाय आपल्या भागात हा विषय पुरा होत नाही. पॅनमधनं येतो तो दाणे आणि मळी मिसळलेला दाट पाक, मासेक्विट म्हणतात त्याला, तो सेंट्रिफ्युगलमध्ये गरागरा फिरवला की मळी जाळीबाहेर आणि साखर आत. कंटिन्युअस मशिनमधली जाळी विणलेली नसतेच. निकेलचा पातळ पत्रा विद्युत प्रक्रियेनं थर चढवत चढवत वाढवलेला, वर हार्ड क्रोम, आणि त्यात लांबट फटी, रुंदी ६० मायक्रॉन वगैरे आणि लांबी दोनेक मिलिमीटर. फट साखरेच्या बाजूला अरुंद आणि बाहेरच्या बाजूला रुंद होत गेलेली, म्हणजे जो कण तोंडातनं गेला तो पुढं अडकणार नाही, सुटला म्हणजे सुटलाच. दाणे घासून घासून फटी रुंद होतात, क्रोम उडतं, एखादा बोल्ट आत पडला तर जाळी फाटते, आणि मग साखर गुपचूप मळीत जायला लागते. वरनं मशिन एकदम ठीक चाललेलं दिसतं. लॅबमध्ये मळीची प्युरिटी, म्हणजे तिच्यातलं साखरेचं प्रमाण, चढलेली दिसते तेव्हा कळतं की जाळी गेली.

हीच अरुंद-रुंद फटीची युक्ती वेज वायरमध्ये आहे, रस गाळायला आणि बोअरवेलच्या पाईपलाही ती वापरतात. तार गोल नसून इंग्रजी व्ही सारखी, चपटी बाजू घाणीकडं, टोक पाण्याकडं. रसातल्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, बारीक काड्या विणलेल्या जाळीच्या चौकोनात एकदा गुंतल्या की सोडवता सोडवत नाहीत, इथं ब्रश फिरवला की साफ. बारीक गाळायला हिला मर्यादा आहे, पण काडीकचऱ्यापुढं हिच्याइतकी टिकाऊ दुसरी नाही.

फाउंड्रीवाले मित्र विचारतात, आमचा वितळलेल्या धातूचा रस गाळायला जाळी दे की. बिडाचा रस १३५०-१४०० अंशाला ओततात, तिथं एसएसची बारीक जाळी पडली तर रसाचाच भाग होऊन जाईल, म्हणून तिकडं सिरॅमिकचा स्पंज. ॲल्युमिनियम मात्र ६६० ला वितळतं, तिथं साच्याच्या तोंडाशी स्टीलची जाळी बसवतात, ओतण्याचं काम काही सेकंदांचं असतं तेवढा वेळ ती धरते. आणि कारखान्यांच्या इथेनॉलच्या टाक्यांवर श्वास घ्यायच्या पाईपला फ्लेम अरेस्टर असतो, त्यात पण धातूचीच बारीक भोकं, ती आग गाळतात. ज्वाला भोकात शिरली की भोवतीचा धातू तिची उष्णता ओढून घेतो आणि ती पलीकडं पोचायच्या आत विझते. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीनं खाणकामगारांच्या कंदिलाला जाळी गुंडाळली ती याच तत्त्वावर.

आता शेवटची तपासणी. डच विणीचं एलिमेंट तयार झाल्यावर त्याचं भोक मोजायचं कसं, भिंगातनं तर दिसत नाही. एक ट्रे घ्यायचा, त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल, एलिमेंट त्यात आडवं बुडवायचं आणि आतनं हवा हळूहळू सोडायची. भोकात अडकलेलं द्रव हवेला अडवून धरतं, भोक जितकं लहान तितकं जास्त जोर लावून, भोक निम्मं झालं की दाब दुप्पट लागतो. १०० मायक्रॉनच्या गोल भोकाला पाण्याच्या सुमारे ९ सेंटिमीटर उंचीएवढा दाब पुरतो, १० मायक्रॉनच्याला सुमारे ९० सेंटिमीटर. म्हणजे पहिला बुडबुडा जिथनं आणि ज्या दाबाला येतो ते त्या एलिमेंटमधलं सगळ्यात मोठं भोक. दाब मोजायच्या मॅनोमीटरच्या नळीत पाणी चढत असतं, सगळे वाकून ट्रेकडं बघत असतात, कुणी बोलत नाही. आणि दहातल्या आठ वेळा तो बुडबुडा जाळीतनं येतच नाही, वेल्डच्या शिवणीतनं येतो, टोकाच्या रिंगजवळ, जिथं वेल्डरनं टॉर्च थोडी जास्त धरलेली असते. तिथं मार्करनं गोल करायचा, एलिमेंट वाळवायचं आणि परत त्याच्याकडं.